विश्लेषण : ‘आर्म डोअर्स अँड क्रॉसचेक’ म्हणजे नेमके काय? केबिन क्रूची भाषा काय सांगते?

विमानाची दारे बंद झाली, की स्पीकरवरून एक वाक्य ऐकू येते : ‘केबिन क्रू, आर्म डोअर्स अँड क्रॉसचेक.’ प्रवासी तेव्हा फोन एअरप्लेन मोडवर टाकण्याच्या किंवा शेवटचा मेसेज पाठवण्याच्या गडबडीत असतात. त्या काही सेकंदांत विमानाच्या प्रत्येक दाराजवळ एक काम उरकले जाते. ते राहून गेले, तर आणीबाणीत दार उघडूनही प्रवाशांना खाली उतरता येत नाही. केबिन क्रू म्हणून नव्याने भरती होणाऱ्यांना अशा शब्दांची जाडजूड पुस्तिका पाठ करावी लागते. मुलाखतीच्या तयारीपुरते हे शब्द घोकणारे पुष्कळ असतात. पण त्यातला जवळपास प्रत्येक शब्द कुठल्या तरी अपघातातून किंवा धोक्यातून आला आहे. म्हणूनच त्यांचा अर्थ विमानाने अधूनमधून प्रवास करणाऱ्यांनाही माहीत असलेला बरा.

‘हवाई सुंदरी’ हा शब्द मागे का पडला?

मराठी वर्तमानपत्रांनी कित्येक वर्षे वापरलेला ‘हवाई सुंदरी’ हा शब्द या कामाबद्दल गैरसमज करून देणारा होता. एलन चर्च ही जगातील पहिली महिला विमान परिचारिका मानली जाते. १५ मे १९३० रोजी बोइंग एअर ट्रान्सपोर्टच्या विमानातून ती पहिल्यांदा कामावर गेली. ती प्रशिक्षित नर्स होती, आणि नर्स असल्यामुळेच कंपनीला तिची कल्पना पटली. पुढच्या काळात मात्र वय, वजन, लग्न यांच्या अटी वाढत गेल्या. भारतात पहिल्या गरोदरपणातच एअर होस्टेसची नोकरी संपवण्याचा एअर इंडियाचा नियम सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये नर्गेश मीर्झा खटल्यात रद्द केला. त्याच निकालाने सेवेच्या पहिल्या ४ वर्षांत लग्न न करण्याची अट मात्र कायम ठेवली होती, हेही लक्षात ठेवायला हवे.

आज नियमपुस्तकात ‘केबिन क्रू’ हाच शब्द आहे आणि त्यात स्त्री-पुरुष दोन्ही येतात. विमानात ते किती असावेत हे ठरते आसनांवरून. भारतात ढोबळमानाने ५० आसनांमागे १ असा हिशेब आहे. १८० किंवा १८६ आसनांच्या ए-३२० विमानात किमान ४ जण लागतात. इथे आसने मोजली जातात, प्रवासी नव्हे. विमानात ४०च प्रवासी असले तरी ४ जण लागणारच. चहा-सँडविच द्यायला एवढे लोक कशाला, असा प्रश्न पडला तर उत्तर सोपे आहे. ते चहासाठी नाहीतच, दारांसाठी आहेत.

दार ‘आर्म’ करतात म्हणजे काय करतात?

विमानाच्या प्रत्येक मोठ्या दाराच्या आतल्या बाजूला खाली फुगीर पेटीसारखा भाग दिसतो. त्यात घडी करून ठेवलेली घसरगुंडी असते. तिला स्लाइड म्हणतात. स्लाइडच्या टोकाला एक धातूची दांडी असते, तिचे नाव गर्ट बार. दार ‘आर्म’ करणे म्हणजे ही दांडी विमानाच्या जमिनीत अडकवणे. अशा स्थितीत दार उघडले, की स्लाइड पेटीतून ओढली जाते आणि गॅसच्या दाबाने काही सेकंदांत फुगते. ‘डिसआर्म’ केलेले दार उघडले तर साधे दार उघडते, बाहेर एरोब्रिज किंवा जिना असतो.

एअरबसच्या ए-३२० मध्ये हे काम दाराजवळच्या एका खटक्याने होते. बोइंग ७३७ मध्ये क्रूला वाकून ती दांडी स्वतःच्या हाताने जमिनीवरच्या खाचांत बसवावी लागते आणि दाराच्या खिडकीवरून लाल पट्टा आडवा लावावा लागतो. बाहेरच्या माणसाला तो पट्टा पाहून कळते, की दार आर्म केलेले आहे, हात लावू नका.

‘क्रॉसचेक’ म्हणजे समोरच्या दारावरच्या सहकाऱ्याने केलेली तपासणी. आपले दार आपण बघायचे आणि समोरचेही बघायचे. काम रोजचे, दिवसातून चार-सहा वेळा करायचे, त्यामुळे हात सवयीने चालतो आणि डोके दुसरीकडे असते. चूक तिथेच होते. मुक्कामाला पोहोचल्यावर डिसआर्म करायला विसरून दार उघडले, तर स्लाइड थेट एरोब्रिजमध्ये किंवा खाली उभ्या असलेल्या कर्मचाऱ्यावर फुगते. माणूस जखमी होऊ शकतो, विमान जागेवरच अडकते, पुढच्या फेरीचे प्रवासी ताटकळतात आणि कंपनीला लाखोंचा फटका बसतो. नव्या क्रूच्या मनात या चुकीची धास्ती सर्वांत जास्त असते, आणि ती असावीच.

९० सेकंदांचा नियम कुणासाठी?

४४ पेक्षा जास्त आसनांच्या प्रवासी विमानाला मान्यता मिळवताना कंपनीला दाखवून द्यावे लागते, की निम्मीच दारे वापरून, अंधारात, पूर्ण भरलेले विमान ९० सेकंदांत रिकामे होऊ शकते. विमानाला आग लागली तर ती आत शिरायला आणि धूर पसरायला फार वेळ लागत नाही, यावरून हा आकडा आला. ही चाचणी असते, प्रत्यक्षात इतके सुरळीत क्वचितच घडते.

२ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सचे ए-३५० उतरत असताना तटरक्षक दलाच्या लहान विमानावर आदळले. लहान विमानातील ६ पैकी ५ जण मृत्युमुखी पडले. मोठ्या विमानात ३७९ जण होते. ते सगळे बाहेर पडले. घोषणेची यंत्रणा बंद पडली होती, म्हणून क्रूने मेगाफोन आणि स्वतःचा घसा वापरला. विमानाचे पुढचे चाक मोडल्याने शेपूट वर उचलली गेली होती. ८ पैकी ३ च दारे वापरता आली, कारण बाकीच्या दारांबाहेर आग होती किंवा तिथून उतरणे धोक्याचे होते. कॅप्टन सर्वांत शेवटी उतरले तोवर सुमारे १८ मिनिटे झाली होती.

या घटनेची आठवण प्रवाशांनी बॅगा मागे ठेवल्या म्हणून काढली जाते. ते खरेच. पण क्रूच्या दृष्टीने मोठी गोष्ट म्हणजे बंद ठेवलेली ५ दारे. दार उघडण्याआधी खिडकीतून बाहेर बघायचे, आग, पाणी, मोडतोड काय आहे ते ठरवायचे आणि दार वापरण्यासारखे नसेल तर त्याच्यासमोर उभे राहून लोकांना दुसरीकडे वळवायचे, हे प्रशिक्षणात पुन्हा पुन्हा करून घेतात. घाबरलेल्या गर्दीसमोर दार न उघडणे हे उघडण्यापेक्षा कठीण असते.

डावे कुठले, उजवे कुठले?

प्रश्न बालवाडीतला वाटेल. पण विमानात क्रूची जम्प सीट, म्हणजे भिंतीला टेकलेली घडीची खुर्ची, बऱ्याचदा शेपटीकडे तोंड करून असते. तिथे बसलेल्याचा डावा हात म्हणजे विमानाची उजवी बाजू. म्हणून डावे-उजवे नेहमी पायलटच्या तोंडाच्या दिशेने ठरते. दारांची नावेही त्यावरूनच : डावीकडचे पहिले दार एल-वन, उजवीकडचे आर-वन, त्यामागची एल-टू, आर-टू. जुन्या मंडळींच्या तोंडी पोर्ट आणि स्टारबोर्ड हे जहाजावरचे शब्दही असतात. पुढचा भाग फॉरवर्ड, मागचा आफ्ट.

डावे-उजवे किती महाग पडू शकते, ते ८ जानेवारी १९८९ ला इंग्लंडमध्ये दिसले. हीथ्रोहून बेलफास्टला निघालेल्या ब्रिटिश मिडलँडच्या बोइंग ७३७-४०० च्या डाव्या इंजिनात बिघाड झाला. पायलटांनी बंद केले उजवे. कॅप्टनने प्रवाशांना सांगितलेही, की उजव्या इंजिनात अडचण होती, ते बंद केले आहे. मागे बसलेल्या अनेक प्रवाशांनी आणि केबिन क्रूपैकी काहींनी डाव्या इंजिनातून आग निघताना पाहिली होती. कॉकपिटला कुणीच कळवले नाही. पायलट आहेत, त्यांना माहीत असणार, असे सगळ्यांनी धरले. उतरताना बिघडलेले डावे इंजिनही बंद पडले आणि विमान केगवर्थ गावाजवळ महामार्गाच्या बांधावर आदळले. ४७ जणांचा जीव गेला.

या आणि अशा अपघातांमुळे ‘सीआरएम’ म्हणजे क्रू रिसोर्स मॅनेजमेंट या विषयात पायलट आणि केबिन क्रू यांना एकत्र बसवण्यावर भर आला. शब्द मोठा आहे, त्याचा मतलब एवढाच, की कालच रुजू झालेल्या मुलीनेही जे पाहिले ते कॅप्टनला सांगायचे आणि कॅप्टनने ते ऐकून घ्यायचे. आपल्याकडे वरिष्ठांसमोर गप्प बसणे हा सद्गुण समजला जातो. विमानात तो अवगुण ठरतो.

कॉकपिटपर्यंत निरोप पोहोचल्याने काय होते, याचे उदाहरण मुंबईच्या नीरजा भनोत यांचे. ५ सप्टेंबर १९८६ ला कराचीत पॅन अ‍ॅमच्या विमानात अपहरणकर्ते घुसले, तेव्हा त्यांनी तातडीने कॉकपिटला सावध केले. पायलट छतातल्या झडपेतून निसटले आणि विमान जमिनीवरच राहिले. प्रवाशांना वाचवताना नीरजा यांनी प्राण गमावले. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र देण्यात आले.

मग ‘स्टराइल कॉकपिट’मध्ये निरोप कसा द्यायचा?

हा शब्द वरच्या मुद्द्याच्या उलट वाटतो, आणि नवखे इथेच गोंधळतात. टेकऑफ, लँडिंग आणि साधारण १० हजार फुटांखालच्या उड्डाणात कॉकपिटमध्ये कामाशिवाय दुसरे बोलणे चालत नाही. त्या काळात केबिनमधूनही ‘कॅप्टन, कॉफी हवी का’ असा फोन जायला नको. ११ सप्टेंबर १९७४ ला अमेरिकेत शार्लटजवळ ईस्टर्न एअरलाइन्सचे विमान उतरताना कोसळले. पायलट तोवर राजकारण आणि जुन्या गाड्यांबद्दल गप्पा मारत होते. अशा अपघातांनंतर १९८१ मध्ये अमेरिकेत हा नियम आला आणि पुढे जगभर पसरला. पण धूर, आग, विचित्र आवाज, पंखावर काही दिसणे यासाठी नियमाचा अडसर नाही. सुरक्षेची बाब असेल तर फोन उचलायचाच.

याच टप्प्याला ‘क्रिटिकल इलेव्हन’ असेही म्हणतात : टेकऑफनंतरची ३ मिनिटे आणि लँडिंगआधीची ८. त्या वेळी जम्प सीटवर बसलेला क्रू सदस्य हात मांडीखाली किंवा मांडीवर ठेवून शून्यात बघताना दिसतो. तो ‘सायलेंट रिव्ह्यू’ करत असतो. माझे दार कुठले, ते कसे उघडते, मदतीला कुठला धडधाकट प्रवासी घेता येईल, काय ओरडायचे, हे सगळे मनातल्या मनात. खिडक्यांचे पडदे वर करायला लावतात ते बाहेरची आग दिसावी म्हणून, आणि रात्री दिवे मंद करतात ते डोळ्यांना अंधाराची सवय व्हावी म्हणून.

आणीबाणी ठरली, की कॅप्टन प्रमुख क्रूला ‘नीट्स’ देतो. चार गोष्टी : काय झाले आहे, काय करणार आहोत, हाताशी वेळ किती, विशेष सूचना कोणती. ऐकणाऱ्याने ते जसेच्या तसे परत म्हणून दाखवायचे. ‘हो, समजले’ हे उत्तर चालत नाही. जमिनीला टेकण्याआधी ‘ब्रेस’ हा इशारा येतो. मग क्रू प्रवाशांना डोके खाली ठेवा, खालीच ठेवा, असे एका तालात ओरडत राहतो. विनंती करायची ही वेळ नसते. एरवी ‘कृपया’शिवाय न बोलणाऱ्या मुलामुलींकडून दरडावण्याचा सराव मुद्दाम करून घेतात.

मास्क आधी स्वतःला, तो का?

प्रवासी विमान ३५ हजार फुटांवर असले तरी आतली हवा साधारण ८ हजार फुटांवरच्या डोंगराइतकी दाट ठेवलेली असते. दाब गेला आणि आतली हवा सुमारे १४ हजार फुटांवर असते तितकी विरळ झाली, की मास्क आपोआप खाली पडतात. ३५ हजार फुटांवर ऑक्सिजनविना माणसाचे डोके धडपणे चालते ते अर्धा ते एक मिनिट. शेजारच्याला मास्क लावण्याच्या नादात आपलीच शुद्ध हरपायची. मास्कमधून साधारण १२ ते १५ मिनिटे ऑक्सिजन मिळतो. तेवढ्यात पायलट विमान झपाट्याने १० हजार फुटांपर्यंत खाली आणतो. क्रूलाही ट्रॉली सोडून जवळचा मास्क लावायचा आणि मिळेल त्या जागी बसायचे असते.

१४ ऑगस्ट २००५ ला हेलिओस एअरवेजच्या विमानात दाबाचा स्विच देखभालीनंतर मॅन्युअलवर राहिला. मास्क पडले, विमान मात्र वर चढतच राहिले, कारण पायलट बेशुद्ध पडले होते. एक केबिन क्रू सदस्य कॉकपिटपर्यंत पोहोचला, पण तोवर इंधन संपत आले होते. विमान अथेन्सजवळ कोसळले आणि सर्व १२१ जण गेले. मास्क पडूनही विमान खाली वळत नसेल तर कॉकपिटशी ताबडतोब संपर्क साधायचा, हा धडा तेव्हापासून शिकवला जातो.

फोन आसनाच्या फटीत गेला तर?

हा भाग खास तुमच्यासाठी, कारण हे वाचताना फोन हातात आहे. फोन आसनाच्या फटीत सरकला तर आसन मागेपुढे करू नका, क्रूला बोलवा. आसनाच्या यंत्रणेत चिरडलेली लिथियम बॅटरी पेटते. क्रूच्या भाषेत ही ‘पीईडी फायर’. आधी हॅलॉनच्या सिलिंडरने ज्वाळा विझवायच्या, मग भरपूर पाणी ओतून बॅटरी थंड करायची. बर्फ ठेवायचा नाही, कारण तो उष्णता आतच कोंडतो. पॉवर बँक सामानात न देता सोबत ठेवायला लावतात तीही याचसाठी : केबिनमधली आग कुणाला तरी दिसते.

बाकीचे शब्द

हे भराभर. विमानतळाचे तीन अक्षरी कोड पाठ असावेत. मुंबई अजूनही ‘बीओएम’, पुणे ‘पीएनक्यू’. गोव्याची दोन : दाबोळी ‘जीओआय’, मोपा ‘जीओएक्स’. इथे चूक झाली तर माणूस दुसऱ्याच जिल्ह्यात. फोनवर बी, डी, पी सारखेच ऐकू येतात म्हणून ब्राव्हो, डेल्टा, पापा. व्हीलचेअरचे तीन प्रकारही अशाच अक्षरांनी ओळखतात : रोमिओला लांबचे चालवत नाही, सिएराला जिनाही चढता येत नाही, चार्लीला आसनापर्यंत न्यावे लागते. ‘यूएम’ म्हणजे एकटे प्रवास करणारे मूल, ‘पॅक्स’ म्हणजे प्रवासी.

वेळ ‘झुलू’मध्ये, म्हणजे भारतीय वेळेतून साडेपाच तास वजा. मुंबईहून ५ तारखेला रात्री २ वाजता सुटणारे विमान झुलूमध्ये ४ तारखेचे २०:३० असते. रोस्टरवरची तारीख चुकीची वाचून दांडी पडते ती इथे. कामावर न राहता प्रवासी म्हणून दुसऱ्या शहरी पाठवणे म्हणजे ‘डेडहेडिंग’. कामाच्या आणि विश्रांतीच्या तासांचे नियम म्हणजे ‘एफडीटीएल’. डिसेंबर २०२५ मध्ये पायलटांच्या नव्या नियमांवरून देशभर विमाने रद्द झाली, तेव्हा हा शब्द घरोघरी पोहोचला. केबिन क्रूसाठीही असे नियम आहेत आणि ते आपले आपण माहीत असलेले बरे.

खासगी अकादमीचा कोर्स लागतोच का?

नाही. बारावी उत्तीर्ण असणे ही बहुतेक कंपन्यांची किमान अट आहे, शिवाय वय, वैद्यकीय चाचणी आणि संवादकौशल्य. अकादमीचा डिप्लोमा सक्तीचा नाही आणि त्यावर नोकरीची हमीही नसते. लाखांच्या घरात शुल्क भरण्याआधी पालकांनी हे समजून घ्यायला हवे. इंग्रजी सुधारेल, मुलाखतीची भीती जाईल, एवढा उपयोग होऊ शकतो. दार उघडण्याचे, आग विझवण्याचे, पाण्यातून तराफ्यावर चढण्याचे, प्रथमोपचाराचे खरे प्रशिक्षण निवड झाल्यावर विमान कंपनीच देते. तेही नागरी विमान वाहतूक महासंचालनालय म्हणजे डीजीसीएने मान्य केलेल्या अभ्यासक्रमानुसार, आणि नंतर दरवर्षी उजळणी असते.

१२ जून २०२५ च्या अहमदाबाद दुर्घटनेत १० केबिन क्रू सदस्यांचा मृत्यू झाला. त्यांत मुंबई, पनवेल, डोंबिवली परिसरातलेही होते. त्यानंतर ‘हे काम कशाला’ असे घरचे विचारत असतील तर त्यांचे चुकत नाही. त्यांना कामाचे खरे स्वरूप सांगणे हेच उत्तर.

प्रशिक्षण संपले तरी लगेच दार हाती येत नाही. पहिली काही उड्डाणे ‘सुपरन्यूमररी’ म्हणजे जादा सदस्य म्हणून करायची असतात. गणवेश तोच, ट्रॉलीही ढकलायची, पण नियमाने लागणाऱ्या ४ जणांत धरले जात नाही. सोबतचा वरिष्ठ मधूनच विचारतो, तुझ्या बाजूची आग विझवायचा सिलिंडर कुठे आहे? तपासणीचे उड्डाण पार पडले, की मगच रोस्टरवर नावापुढे दाराची जबाबदारी येते.